कॉर्डपत्रकांचे संगणकीय लेखन व संपादन : एक चिकित्सा

१

गीताचे शब्द खाली आणि त्या शब्दांबरोबर गिटारवर अथवा पियानोवर वाजवावयाच्या कॉर्डची नावे वर, अशा रीतीने लिहिलेल्या कागदाला वादकमंडळी 'कॉर्डशीट' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'कॉर्डपत्रक' हा शब्द योजला आहे. मूळ पत्रकांत कॉर्डची नावे रोमन लिपीत असतात. येथे ती देवनागरीत दिली आहेत. अशी पत्रके लिहिणे, सुधारणे, एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत नेणे आणि त्यांचा गीतसंग्रह बांधणे ही कामे गेल्या तीस-पस्तीस वर्षांत बव्हंशी संगणकाकडे गेली असून त्यासाठी खास सॉफ्टवेअरही तयार झाले आहे. त्या सॉफ्टवेअरने स्वीकारलेल्या लेखनपद्धतींची चिकित्सा करणे हा या लेखाचा हेतू होय.

या विषयाचा भाषाशास्त्राशी संबंध काय, अशी शंका वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे की, कॉर्डपत्रक हा एक लिखित पाठ आहे, आणि त्यात दोन भिन्न व्यवस्थांची चिन्हे एकमेकांशी बांधलेली असतात. कोणते चिन्ह कोणत्या अक्षराशी बांधले आहे यावरच त्या पाठाचा अर्थ अवलंबून असतो. कॉर्ड बरोबर पण जागा चुकीची, असे पत्रक वादकाच्या दृष्टीने अशुद्धच ठरते. असे असूनही पुष्कळसे सॉफ्टवेअर, आणि ते वापरणारे आपण, या जागेला पाठाचा भाग न मानता मांडणीचा, म्हणजे शोभेचा, भाग मानतो. हा समज मुळातच चुकीचा आहे, आणि देवनागरीत लिहिलेल्या गीतांच्या बाबतीत तो विशेष हानिकारक ठरतो, असे पुढील विवेचनातून दाखविण्याचा प्रयत्न आहे.

२

कॉर्डपत्रक लिहिण्याच्या मुख्य पद्धती दोन. त्यांपैकी पहिलीस आपण 'दुओळी पद्धती' म्हणू. हीत एक ओळ कॉर्डची आणि तिच्या खाली एक ओळ शब्दांची असते. कॉर्ड ज्या अक्षरावर बदलावयाची त्या अक्षराच्या नेमकी डोक्यावर तिचे नाव येते. हाताने लिहिताना या पद्धतीइतकी सोयीची दुसरी नाही. वाचणाऱ्यास कोणतेही संकेत शिकावे लागत नाहीत, डोळा वरून खाली उतरताच संबंध कळतो, आणि तालमीच्या वेळी पेन्सिलीने बदल करता येतो.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास ही मांडणी अपरिचित नाही. परभाषेतील वाक्य देताना आपण त्याच्या खाली पदशः अर्थ लिहितो, आणि प्रत्येक अर्थ आपापल्या पदाच्या खाली डावीकडून जुळवून घेतो. लाइपझिग येथील भाषाशास्त्रज्ञांनी या लेखनासाठी जे नियम सिद्ध केले, त्यांतील पहिलाच नियम या उभ्या जुळणीविषयी आहे. कॉर्डची ओळ ही अशीच एक टीका होय. फरक एवढाच की, ती शब्दाच्या वर लिहिली जाते आणि अर्थाऐवजी वाद्याची कृती सांगते.

दुओळी पद्धतीचा दोष यंत्रावर प्रकट होतो. या पद्धतीत जागा दाखविण्याचे काम रिकाम्या जागा करतात. इंग्रजी टंकलेखनयंत्रावर प्रत्येक अक्षराची रुंदी समान असल्यामुळे वरच्या ओळीतील दहावी जागा खालच्या ओळीतील दहाव्या अक्षरावर हमखास येई. इंटरनेटच्या आरंभकाळी गिटारवादकांनी जी असंख्य पत्रके एकमेकांस पाठविली ती याच समजावर उभी होती. पडद्यावरची अक्षरे समान रुंदीची असतील हे त्यांनी गृहीतच धरले होते. परंतु छापखान्यातील खिळ्यांप्रमाणे जेव्हा प्रत्येक अक्षराला आपापली रुंदी मिळते, तेव्हा ही जुळणी मोडते. जुळाऱ्याला हे कळत असे आणि तो हाताने फट भरून काढी. सॉफ्टवेअरला ती फट म्हणजे केवळ फट वाटते. अरुंद पडद्यावर तर ओळच दुमडते. तेव्हा कॉर्डच्या ओळीचा उरलेला तुकडा कॉर्डच्या खाली आणि शब्दांच्या ओळीचा उरलेला तुकडा शब्दांच्या खाली जाऊन दोहोंतील नाते पूर्णपणे तुटते.

मराठीच्या बाबतीत हा आधार टंकलेखनयंत्राच्या काळातही पक्का नव्हता. मराठी यंत्रावर उकारासारखी काही चिन्हे गाडी पुढे न सरकवता उमटत. त्यामुळे दाबलेल्या कळा आणि सरकलेली घरे यांची संख्या एक नसे. हा मुद्दा किरकोळ वाटला तरी पुढे त्याचेच मोठे रूप पाहावयाचे आहे.

३

दुसरी पद्धती कंसांची. कॉर्डचे नाव चौकोनी कंसात घालून ते शब्दांच्या ओळीतच, ज्या अक्षरावर कॉर्ड बदलते त्याच्या आधी, लिहावयाचे. नमुन्यादाखल, कोणत्याही गीतातले नसलेले एक साधे वाक्य घेऊ:

[सी]पाऊस [एफ]आला [जी]शेतावर

संगणक छपाईच्या वेळी कंस काढून टाकतो आणि ती नावे योग्य अक्षरांच्या वर उचलून ठेवतो. या पद्धतीचा प्रसार झाला तो मार्टिन लेक्लेर आणि मारिओ डोरिऑन यांनी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकाच्या आरंभी लिहिलेल्या 'कॉर्ड' या आज्ञावलीमुळे. साध्या मजकुराची फाइल घेऊन तिच्यापासून छापण्याजोगे पान तयार करणे हे तिचे काम. तिच्या लेखनरीतीस पुढे 'कॉर्डप्रो' हे नाव रूढ झाले. 'कॉर्डी' या नावाने मूळ आज्ञावलीचा वारसा चालला, आणि योहान फ्रोमान्स यांनी 'कॉर्डप्रो' याच नावाची नवी आज्ञावली लिहून त्या रीतीचा विस्तार केला. आज गीतसंग्रहाच्या कितीतरी सॉफ्टवेअरना ही रीत थोड्याफार फरकाने वाचता येते.

चौकोनी कंसांखेरीज महिरपी कंसांतील सूचना हे या रीतीचे दुसरे अंग. शीर्षक, गीतकाराचे वा गायकाचे नाव, पट्टी, लय, ध्रुवपदाचा आरंभ व शेवट, इत्यादी गोष्टी त्या कंसांत सांगितल्या जातात. यातून एक महत्त्वाचा लाभ होतो. ध्रुवपद हे ध्रुवपद आहे असे एकदा सांगितले की, ते तिरक्या अक्षरांत छापावे, उजवीकडे सरकवावे की बाजूला उभी रेघ ओढावी, हा निर्णय स्वतंत्रपणे घेता येतो. पाठ आणि पाठाचे दर्शन यांची ही फारकत पाठचिकित्सेच्या दृष्टीने अत्यंत इष्ट आहे.

कंसपद्धतीचे श्रेष्ठत्व मान्य करण्यास म्हणून कोणतीच अडचण नसावी. खिळा बदलला, ओळ दुमडली, कागद लहान झाला, तरी कॉर्ड आपल्या अक्षराला सोडत नाही. दुओळी पद्धतीत जागा ही अनुमानाची गोष्ट होती. येथे ती लिहिलेली असते. तसेच, दुओळी पत्रक वाचताना कोणती ओळ कॉर्डची आणि कोणती शब्दांची हे सॉफ्टवेअरला ओळखावे लागते, आणि इंग्रजी गीतात 'ए' हे उपपद आणि 'ए' ही कॉर्ड यांचे लेखन एकच असल्यामुळे घोटाळा संभवतो. मराठी गीतात शब्द देवनागरीत आणि कॉर्ड रोमनमध्ये असल्यामुळे हा विशिष्ट घोटाळा उद्भवत नाही. लिपिभेदाचा मराठीला झालेला हा एक अनपेक्षित फायदा होय. तथापि तो येथेच संपतो.

४

देवनागरीच्या अडचणीकडे वळण्यापूर्वी पट्टी बदलण्याच्या सोयीचा थोडक्यात परामर्श घेतला पाहिजे, कारण या सॉफ्टवेअरची सर्वांत अधिक वाखाणली जाणारी सोय तीच आहे.

आपल्याकडे गायकाची पट्टी पेटीच्या कळांवरून सांगतात. 'काळी एक' म्हणजे सी शार्प. गिटारवादक तीच पट्टी अनेकदा पहिल्या पडद्यावर कॅपो लावून आणि सी पट्टीच्या कॉर्ड धरून साधतो. अशा वेळी पत्रकावर 'सी' लिहिलेले असते आणि कानी सी शार्प येतो. म्हणजे एकाच पानावर एक नाव बोटांचे, एक नाव ध्वनीचे, आणि एक नाव गायकाच्या तोंडी, अशी तीन नावे एका वस्तूस मिळतात. पत्रकात कॅपोची सूचना नसेल तर 'सी' हे नाव यांपैकी कशाचे, याचा निर्णय वाचकास करता येत नाही. कॉर्डप्रोमध्ये पट्टी आणि कॅपो या दोन्हींसाठी वेगळ्या सूचना आहेत; त्या न लिहिण्याचा दोष संपादकाचा, रीतीचा नव्हे.

सॉफ्टवेअरचा दोष आहे तो वर्णलेखनाचा. ए शार्प आणि बी फ्लॅट यांची पियानोवरील कळ एकच. परंतु एफ पट्टीतील चौथ्या स्थानाची कॉर्ड बी फ्लॅट आहे, ए शार्प नव्हे. केवळ शार्पची यादी समोर ठेवून पायऱ्या मोजणारी आज्ञावली येथे ए शार्प लिहिते. मराठीत 'दिन' आणि 'दीन' यांचे उच्चार बोलताना पुष्कळदा सारखे होतात म्हणून लिहिताना कोणतेही एक चालेल असे आपण म्हणत नाही, कारण लेखन अर्थाचे नाते राखते. तोच न्याय येथे लागू आहे. शिवाय जर्मन परंपरेत 'बी' या नावाने बी फ्लॅट समजतात आणि शुद्ध बीला 'एच' म्हणतात. अशा पत्रकाची परंपरा न विचारता पट्टी बदलली तर अशुद्ध पाठ निर्माण होतो आणि तो वरकरणी निर्दोष दिसतो.

या दृष्टीने नॅशव्हिलच्या वादकांची अंकपद्धती विचारात घेण्याजोगी आहे. नील मॅथ्यूज यांनी १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ती योजिली आणि चार्ली मकॉय यांनी तिचा विस्तार केला. हीत कॉर्डला तिच्या पट्टीतील स्थानाचा अंक मिळतो, त्यामुळे पट्टी बदलली तरी लेखन बदलत नाही. ज्यांचा 'सा' गायकाबरोबर चालतो अशा आपल्या सरगमाच्या परंपरेत वाढलेल्यांना हे तत्त्व नवे वाटणार नाही.

५

आता मुख्य प्रश्न. कंसपद्धतीचे मर्म असे की, कॉर्ड अक्षराच्या आधी लिहावयाची. परंतु अक्षर म्हणजे काय? रोमन लिपीत या प्रश्नाचे उत्तर संगणकाला सहज सापडते. देवनागरीत सापडत नाही.

'ज्योत्स्ना' हा शब्द घ्या. वाचणाऱ्यास यात दोन अक्षरे दिसतात: 'ज्यो' आणि 'त्स्ना'. युनिकोडच्या लेखनात मात्र या शब्दात १० संकेतांक आहेत, कारण प्रत्येक व्यंजन, प्रत्येक हलन्तचिन्ह आणि प्रत्येक स्वरचिन्ह यांस स्वतंत्र संकेतांक असतो. वाचकाच्या दृष्टीने अविभाज्य असे समूह कसे ओळखावेत याचे नियम युनिकोडने दिले होते. परंतु त्या नियमांप्रमाणे हलन्तचिन्हानंतर तोडणे शक्य होते, आणि म्हणून याच शब्दाचे पाच समूह होत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या १५.१ या आवृत्तीत जोडाक्षरे न तोडण्याचा नियम आला आणि समूहांची संख्या दोनवर आली. म्हणजे एकच शब्द यंत्राच्या लेखी दहा, पाच किंवा दोन घरांचा ठरू शकतो, आणि सॉफ्टवेअर कोणती गणना मानते हे वापरणाऱ्यास सहसा ठाऊक नसते.

याचे परिणाम दोन. पहिला असा की, दुओळी पत्रकाचे कंसपद्धतीत आपोआप रूपांतर करणारी सोय मराठीत विश्वसनीय राहत नाही. आज्ञावली वरच्या ओळीतील घरे मोजते आणि खालच्या ओळीतील तितक्याव्या संकेतांकापाशी कंस घालते. ओळीत जोडाक्षरे आणि काना-मात्रा जितक्या अधिक, तितका कंस आपल्या जागेपासून अलीकडे, म्हणजे डावीकडे राहतो. ओळीच्या आरंभी ही चूक दिसत नाही. शेवटी ती एका संपूर्ण शब्दाची होते. दुसरा परिणाम असा की, कंस अक्षराच्या पोटात शिरू शकतो. 'ला' या अक्षरातील 'ल' आणि काना यांच्यामध्ये कंस पडला की, छपाईच्या वेळी आज्ञावली मजकुराचे तेथे दोन तुकडे करते. मग एका तुकड्याच्या शेवटी उघडा 'ल' आणि दुसऱ्याच्या आरंभी निराधार काना, तोही ठिपक्यांच्या वर्तुळासह, असे विद्रूप दृश्य दिसते. पुढील अक्षरे शुद्ध जुळविण्याची कितीही चांगली यंत्रणा सॉफ्टवेअरमध्ये असली तरी तिच्या हाती तुकडेच आले असल्यामुळे ती हतबल ठरते.

या दोन परिणामांपैकी दुसरा डोळ्यांना खुपतो आणि म्हणून दुरुस्त होतो. पहिला खुपत नाही. पान स्वच्छ दिसते, अक्षरे अभंग असतात, आणि कॉर्ड मात्र चुकीच्या शब्दावर असते. पाठचिकित्सेत जी लेखकाची चूक अर्थपूर्ण वाचन देते ती सर्वांत घातक मानली जाते. ही त्याच जातीची चूक होय.

याचा एक अनुभव येथे नमूद करणे अस्थानी होणार नाही. काही वर्षांपूर्वी एका परिचित गायनमंडळाची गीतांची वही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने संगणकावर उतरविण्याचे काम प्रस्तुत लेखकाने अंगावर घेतले होते. वही हाताने लिहिलेली, दुओळी पद्धतीची होती, आणि ती लिहिणारे वृद्ध वादक त्यापूर्वीच दिवंगत झाले होते. वहीतील मजकूर तसाच उतरवून पुढे त्याचे कंसपद्धतीत आपोआप रूपांतर केले. मंडळातील जुन्या वादकांनी नवी पाने पाहिली, त्यांवरून वाजविले आणि समाधान व्यक्त केले. चूक लक्षात आली ती मंडळात नव्याने आलेल्या एका मुलीमुळे. गीते तिला ठाऊक नव्हती. म्हणून पानावर जे लिहिले होते तेच तिने वाजविले, आणि प्रत्येक ओळीच्या उत्तरार्धात कॉर्ड आधीच बदलू लागली. जुने वादक पान समोर ठेवून आठवणीतून वाजवीत होते. सुदैवाने वही हाती होती. तरीही तिच्यातील काही जागी कॉर्डचे नाव दोन अक्षरांच्या मधोमध लिहिलेले आढळले, आणि त्यातून कोणते अक्षर अभिप्रेत, हे सांगणारा कोणी उरला नव्हता.

या प्रसंगातून निष्पन्न होणारी गोष्ट स्पष्ट आहे. कॉर्डपत्रकाच्या शुद्धतेची परीक्षा गीत जाणणाऱ्याकडून होऊ शकत नाही. ती गीत न जाणणाऱ्याकडूनच करवून घेतली पाहिजे.

६

वहीतील त्या मधोमध लिहिलेल्या कॉर्ड केवळ हाताच्या हलगर्जीपणामुळे तशा पडल्या असाव्यात, असे मला प्रथम वाटले होते. गीते ऐकल्यावर ते मत बदलावे लागले. त्यांपैकी बहुतेक ठिकाणी कॉर्ड खरोखरच दोन अक्षरांच्या मध्ये बदलत होती. आधीच्या अक्षराचा स्वर दोन-तीन मात्रा लांबत होता आणि त्या लांबणीच्या पोटात बदल होत होता. लिहिणाऱ्याने कानाने ऐकले तेच लिहिले होते. त्याच्या लेखनाला सामावून घेणारी जागा आपल्या पद्धतीत नव्हती.

येथे भाषाशास्त्रातील एका सिद्धान्ताचे स्मरण होते. जॉन गोल्डस्मिथ यांनी १९७६ च्या आपल्या प्रबंधात असे प्रतिपादिले की, सूरभेदाने अर्थभेद करणाऱ्या भाषांत सूर हा स्वर-व्यंजनांच्या ओळीचा गुण नसून त्याची स्वतःची वेगळी ओळ असते, आणि दोन ओळी संबंधरेषांनी जोडलेल्या असतात. एक सूर अनेक अक्षरांवर पसरू शकतो, एका अक्षरावर दोन सूर येऊ शकतात, आणि अक्षर लोपले तरी त्याचा सूर मागे राहून शेजारच्या अक्षराचा आश्रय घेऊ शकतो. कॉर्ड आणि शब्द यांचे नाते याच प्रकारचे आहे. गीतकाराने एखादा शब्द बदलला तरी कॉर्ड राहते. कंसपद्धती पहिला प्रकार, म्हणजे एक कॉर्ड अनेक अक्षरांवर, उत्तम रीतीने दाखविते. दुसरा प्रकार, म्हणजे एका अक्षरावर दोन कॉर्ड, तिला नीट दाखविता येत नाही. वरील नमुन्यात 'आला' मधील शेवटचा 'आ' लांबवून त्याच्या मध्यावर जी कॉर्ड आणावयाची असेल, तर कंस 'ला'च्या आधी घातल्यास बदल लवकर होईल. अक्षराच्या आत घातल्यास अक्षर मोडेल. आणि 'ला'च्या नंतर, रिकाम्या जागेपूर्वी घातल्यास 'ला संपल्यावर' की 'शे येण्याआधी' हा संदेह राहील.

याचे मूळ कारण असे की, कॉर्ड वस्तुतः अक्षरावर बदलत नाही, ती तालाच्या मात्रेवर बदलते. शब्द, कॉर्ड आणि काल अशी तीन सूत्रे गीतात असतात. कॉर्डपत्रक पहिल्या दोहोंची गाठ बांधते आणि तिसरे वाचकाच्या स्मरणावर सोपविते. कॉर्डप्रोमध्ये मात्रांच्या घरांत कॉर्ड मांडण्यासाठी 'ग्रिड' नावाची सोय आहे, परंतु त्या घरांत शब्द नसतात. जेथे काल आहे तेथे शब्द नाहीत, जेथे शब्द आहेत तेथे काल नाही, अशी ही विभागणी आहे.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचे उत्तर पूर्वीच दिले गेले आहे. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या स्वरलिपीत प्रत्येक मात्रेस एक उभे घर असते. घरात वर स्वर, खाली गीताचे अक्षर, आणि त्याखाली समेची, टाळीची वा खालीची खूण. स्वर लांबला तर स्वराच्या ओळीत आडवी रेघ येते, आणि अक्षर लांबले तर शब्दांच्या ओळीत अवग्रह येतो. अक्षर संपले तरी त्याची जागा रिकामी राहत नाही. अवग्रह तिचा ताबा घेतो, आणि त्याच्या वर कोणताही स्वर लिहिता येतो. 'क्रमिक पुस्तक मालिके'वरून शिकलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यास हा संकेत परिचित आहे.

याहून प्राचीन दाखला वैदिक लेखनात आहे. स्वतंत्र स्वरितानंतर लगेच उदात्त आला असता ऋग्वेदाच्या संहितेत दोहोंच्या मध्ये, आधीचा स्वर ऱ्हस्व असल्यास १ आणि दीर्घ असल्यास ३ हा अंक लिहितात, आणि स्वरित व अनुदात्त या दोन्हींच्या खुणा त्या अंकावर करतात. अंकाचा उच्चार होत नाही. खुणांना आधार देणे एवढेच त्याचे प्रयोजन. जेथे अक्षर अपुरे पडते तेथे खुणेसाठी वाहक निर्माण करावा, ही कल्पना आपल्या लेखकांना अपरिचित नव्हती.

यावरून प्रस्तुत लेखकाची सूचना अशी: मराठी कॉर्डपत्रकात लांबलेल्या स्वराच्या पोटात कॉर्ड बदलत असेल, तर ती लांबणी अवग्रहाने लिहावी आणि कंस अवग्रहाच्या आधी घालावा. नमुना असा होईल:

[सी]पाऊस [एफ]आला[जी]ऽऽ शेतावर

युनिकोडमध्ये अवग्रह हे स्वतंत्र अक्षर आहे. काना-मात्रेप्रमाणे ते मागील व्यंजनाला चिकटत नाही. त्यामुळे त्याच्या आधी मजकूर तोडला तरी कोणतेही अक्षर भंगत नाही. सॉफ्टवेअरमध्ये एका ओळीचाही फेरफार करावा लागत नाही. आज उपलब्ध असलेली, देवनागरी नीट छापू शकणारी कोणतीही आज्ञावली हे लेखन जसेच्या तसे स्वीकारील.

७

या सूचनेवर आक्षेप संभवतात. अवग्रहांनी गीताचे शब्द विद्रूप होतील, हा पहिला. यास उत्तर असे की, 'अगंऽ', 'नाहीऽऽ' असे लेखन मराठी वाचकाच्या डोळ्यांना सरावाचे आहे. आणि जेथे लांबणीत कॉर्ड बदलत नाही तेथे अवग्रह लिहिण्याची आवश्यकताच नाही. दुसरा आक्षेप शोधाचा: अवग्रह घातलेला शब्द संग्रहात शोधला असता सापडणार नाही. हा आक्षेप खरा आहे. शोधासाठी कंस जसे वगळले जातात तसे अवग्रहही वगळता येतील. मात्र 'सोऽहम्' सारख्या पदात अवग्रह लुप्त अकाराचे चिन्ह असतो, तो वगळल्यास पाठ बिघडेल. तेव्हा हे काम सरसकट यंत्रावर सोपविता येणार नाही. तिसरा आक्षेप असा की, याने तालाचे संपूर्ण मापन होत नाही. तेही मान्य आहे. संपूर्ण मापन हवे असेल त्याने स्वरलिपीच लिहावी. कॉर्डपत्रकाचा गुण त्याच्या अल्पाक्षरीपणात आहे, आणि तो गमावून मिळालेली पूर्णता वादकाच्या उपयोगी पडणार नाही.

कडव्यांचा प्रश्नही येथे उल्लेखिला पाहिजे. पहिल्या कडव्यावर कॉर्ड लिहून उर्वरित कडवी मोकळी सोडण्याची प्रथा सार्वत्रिक आहे. ओवी-अभंगासारख्या रचनेत अक्षरसंख्येचा नियम असला तरी लघुगुरूंचा क्रम बांधलेला नसतो; मोठ्या अभंगाच्या चरणांत सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे असतात, पण कोणते लांबवावयाचे हे चाल ठरविते. म्हणून पहिल्या कडव्यातील कॉर्ड अक्षरे मोजून दुसऱ्या कडव्यावर उतरविणे धोक्याचे आहे. कॉर्ड कोणती हे आधीच्या कडव्यावरून क्रमाने आणावे, पण ती कोठे पडते हे संपादकाने प्रत्येक कडव्यात स्वतः ऐकून लिहावे, हाच मार्ग सुरक्षित होय.

सारांश, गीतसंग्रहाच्या सॉफ्टवेअरने पाठाला त्याच्या दर्शनापासून वेगळे केले, ही त्याची मोठी सेवा आहे, आणि कंसपद्धती हे त्या सेवेचे योग्य साधन आहे. परंतु ज्या लिपीसाठी ती प्रथम योजिली गेली तीत अक्षर आणि संकेत एकच होते. देवनागरीत ते एक नाहीत, आणि गायनात तर अक्षर हेही अंतिम घटक नाही. म्हणून मराठी संपादकाने तीन गोष्टी पाळाव्यात. दुओळी पत्रकाचे आपोआप रूपांतर केल्यास ओळीचा उत्तरार्ध हाताने तपासावा. कंस नेहमी संपूर्ण अक्षराच्या किंवा अवग्रहाच्या आधी घालावा. आणि मूळ हस्तलिखित नष्ट करू नये. तिसरी गोष्ट सर्वांत सोपी असून तीच सर्वांत अधिक दुर्लक्षिली जाते. भजनी मंडळे, चर्चमधील गायकवृंद, शाळा-महाविद्यालये आणि परदेशातील महाराष्ट्र मंडळे यांच्याकडील वह्या आज संगणकावर चढत आहेत. त्यांतील दोन अक्षरांमधली कॉर्ड ही चूक आहे की नेमकी नोंद आहे, याचा निर्णय करण्यासाठी उद्याच्या अभ्यासकाजवळ त्या वहीखेरीज दुसरा साक्षीदार असणार नाही.